पाण्याच्या टाकीत कूलंट? अजिबात नको!

हिवाळ्यात कॅम्परव्हॅन घेऊन स्पितीला निघालेल्या ठाणे-नवी मुंबईच्या मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो: पाण्याच्या टाकीत रेडिएटरचा थोडा कूलंट ओता, पाणी गोठणार नाही. कृपा करून हे करू नका. इंजिनाच्या कूलंटमध्ये बहुधा इथिलिन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे. चवीला गोडसर, त्यामुळे चहात उतरलं तरी संशय येत नाही. पोटात गेल्यावर शरीरात त्याचे ऑक्झलेटचे स्फटिक तयार होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बरोबर लहान मुलं असतील तर विचारही नको. शिवाय ‘थोडा’ घालून उपयोगही नाही. उणे २० अंशांत टिकायला एक तृतीयांशाहून जास्त ग्लायकॉल लागतं.

नुसती टाकी रिकामी केली की झालं, हेही अर्धंच खरं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फुटतो तो पंप, नळ किंवा गिझर. म्हणून घोडबंदर रोड सोडायच्या आधी घरीच एकदा सराव करा: गिझर बंद करून रिकामा करा, गरम-गार दोन्ही नळ उघडे ठेवून पंप क्षणभर चालवा. सिंकखालच्या वळणदार पाइपात वाटीभर पाणी उरतंच. तिथे प्लंबिंगसाठीचं, प्रॉपिलिन ग्लायकॉलवालं अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव; हे ग्लायकॉल वेगळं, इथिलिनसारखं विषारी नाही) ओता. पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून आत, अंथरुणाजवळ ठेवा. आणि उबेसाठी बंद गाडीत शेगडी पेटवून झोपू नका; शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.