एक ग्रॅम साखरेत उष्णता किती?

साखरेच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे सुमारे ४०० किलोकॅलरी असं छापलेलं असतं. हा आकडा साखर जाळून पडताळता येतो. त्यासाठी लागतो बॉम्ब कॅलरीमीटर. नावात बॉम्ब असला तरी तो जाड भिंतींचा पोलादी डबा आहे.

साखरेची दाबून केलेली १ ग्रॅमची गोळी छोट्या वाटीत ठेवतात, तिला बारीक तार टेकवतात, झाकण घट्ट आवळतात आणि हवेच्या दाबाच्या साधारण ३० पट दाबाने आत ऑक्सिजन भरतात. मग डबा दोन लिटर पाण्यात बुडतो. तारेतून वीज सोडली की आतली गोळी क्षणात जळून जाते. बाहेर ना ज्वाळ, ना आवाज. तापमापीवरचा आकडा मात्र चढू लागतो आणि काही मिनिटांनी स्थिरावतो.

आता नुसत्या पाण्यावरून हिशेब केला तर तो चुकतो, कारण पोलाद, बादली, ढवळणी हेही तापलेले असतात. म्हणून आधी बेंझॉइक आम्ल जाळायचं. त्याच्या १ ग्रॅममधून २६.४३ किलोज्यूल निघतात, हे पक्कं ठाऊक आहे. जळालेल्या तारेचे ०.०५ धरून झाले २६.४८. समजा, तापमान २.६४ अंशांनी वाढलं, तर अख्ख्या उपकरणाला एक अंश चढायला १०.०३ किलोज्यूल लागतात. सगळ्या प्रयोगाचा पाया हाच आकडा, आणि घाईत नेमका तोच राहून जातो.

साखरेने तापमान १.६५ अंश वाढवलं, असं धरू. १.६५ गुणिले १०.०३ म्हणजे १६.५५. तारेचे ०.०५ वजा केले की उरले १६.५ किलोज्यूल, म्हणजेच ३.९४ किलोकॅलरी. पुड्यावरचा आकडा जुळला! फक्त पाणी धरलं असतं तर १३.८ वरच थांबलो असतो. सहावा हिस्सा पोलादाने गिळलेला.

डब्याचं आकारमान बदलत नाही, त्यामुळे उघड्या हवेतल्या ज्वलनाशी तुलना करताना वायूंच्या रेणूंचा हिशेब लावावा लागतो. साखरेला ती दुरुस्ती लागत नाही: ऑक्सिजनचे १२ रेणू खर्ची पडतात, कार्बन डायऑक्साइडचे १२ तयार होतात.

आपल्याकडे कोळशाची प्रत याच उपकरणावर ठरते आणि प्रतीवर त्याचा दर. बहुतेक प्रतींमधलं अंतर किलोमागे ३०० किलोकॅलरींचं. वरच्या उपकरणात १ ग्रॅम कोळसा जाळला, तर हे अंतर तापमापीवर जेमतेम अंशाचा आठवा भाग भरतं.