हृदयाची झडपगळती

हृदयाची झडप नीट न मिटल्याने पुढे गेलेले रक्त उलट मागे येण्याची विकृती. मराठवाड्यात ‘वॉल लीक आहे’ एवढ्यावर बोलणे संपते. पण झडप कोणती आणि ती का गळते, यावर पुढचे उपचार ठरतात.

निरोगी हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. डावे अलिंद (वरचा कप्पा) व निलय (खालचा कप्पा) यांमधली द्विदल झडप गळू लागली, की प्रत्येक ठोक्याला काही रक्त महारोहिणीत (शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत) न जाता अलिंदात परतते. तूट भरून काढायला निलय जास्त रक्त भरून घेते आणि फुगत जाते. ही तडजोड कित्येक वर्षे निभते; माणूस खुरपतो, ओझी वाहतो, त्रास काहीच नसतो. पुढे दाब फुफ्फुसांपर्यंत चढतो. मग चालताना धाप लागते, आडवे पडले की दम कोंडतो. इकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) पंपिंगचा आकडा, म्हणजे दर ठोक्याला निलयातले किती टक्के रक्त बाहेर पडते तो, हाही फसवा असतो, कारण मागे जाणारे रक्तही त्यात धरले जाते. म्हणून या गळतीत तो ६० टक्क्यांपर्यंत उतरला तरी निलय थकल्याचे मानतात.

महारोहिणीची झडप गळते ती दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. वरचा रक्तदाब चढा, खालचा उतरलेला, नाडी जोरकस. इथे ठोके मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधे जपून द्यावी लागतात. विसावा लांबला की गळायलाही जास्त वेळ मिळतो.

गोळीने फाटकी झडप सांधत नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगायलाच हवे. फ्युरोसेमाइड लघवीवाटे पाणी काढून धाप कमी करते. रॅमिप्रिलसारखी औषधे रक्तवाहिन्या सैल करतात; रक्तदाब जास्त असेल किंवा निलय दुबळे असेल, तर त्यांचा उपयोग होतो. रक्तदाब व निलय ठीक असताना त्यांनी शस्त्रक्रिया लांबते, असे दिसलेले नाही. मात्र झडप धड असून हृदयविकाराच्या झटक्यानंतर निलय पसरल्याने गळती होत असेल, तर रॅमिप्रिल, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन यांनी निलय आवरते आणि गळतीही घटू शकते. परभणी-नांदेडच्या चाळिशीपारच्या उन्हात लघवीच्या गोळीने अंगातले पाणी व क्षार घटून चक्कर येते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी.

लहान वयातल्या गळतीमागे बहुधा संधिवाताचा ताप असतो: स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा धरतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि झडपा कायमच्या बिघडतात. पुन्हा ताप येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात; बरोबर लेकरेही असतात. फडावर इंजेक्शनची तारीख सहज हुकते. निघण्यापूर्वीच औषधाची चिठ्ठी आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव हाती देणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

शस्त्रक्रियेत धातूची झडप बसवल्यास वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआर तपासणी नियमित करावी लागते. वॉरफरिनमुळे गर्भाला व्यंग येऊ शकते; म्हणून तरुण स्त्रीची झडप निवडतानाच मुलाबाळांचा विचार विचारून घेतात.