ग्राफिक डिझाइनमधलं करिअर (नागपूर)

अक्षर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांची मांडणी करायचा धंदा, आणि त्यावर पोट भरायच्या नागपुरातल्या वाटा. लोगो, पॅकिंग, जाहिरात, इन्स्टाच्या पोस्ट ही कामं काय असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

नावाबद्दल वाद आहे. 'ग्राफिक डिझाइन' हा शब्द अमेरिकन डिझायनर ड्विगिन्सने १९२२ मध्ये पहिल्यांदा वापरला असं बऱ्याच पुस्तकांत असतं, पण त्याच्या चार-पाच वर्षं आधी कॅलिफोर्नियातल्या एका कलाशाळेच्या अभ्यासक्रमात तो सापडतो असं नंतर दाखवलं गेलं, आणि हेच जास्त पटतं, कारण शब्द खरा रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, कोणा एकामुळे नाही. आपल्याकडचं जुनं नाव कमर्शियल आर्ट. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत साधारण १९३५ ला हा विभाग निघाला आणि १९५८ मध्ये अप्लाइड आर्टची वेगळी संस्था झाली. म्हणून आजही डिग्रीवर 'उपयोजित कला', व्हिजिटिंग कार्डवर 'ग्राफिक डिझायनर' आणि शेजाऱ्यांच्या तोंडी 'पोरगी कॉम्प्युटरचं काम करते'.

शिकायचं तर लक्ष्मीनगरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, बारावीनंतर सीईटी देऊन बीएफए, म्हणजे कलेची डिग्री. एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) किंवा आयआयटीची डिझाइनची परीक्षा देणारे शहर सोडतात. बाकीचे बरेच जण डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणाऱ्या दुकानात बसून शिकतात, आणि खरं सांगायचं तर प्रेसचं काम तिथंच कळतं, म्हणजे तीन मिलीमीटर ब्लीड (कडेबाहेरची, कापताना जाणारी जादा छपाई) का सोडायची, स्क्रीनवरचा भडक निळा छापून मळकट का येतो, फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून का द्यायची वगैरे.

नागपूरचं खरं वैशिष्ट्य म्हणजे इथं मराठी आणि हिंदी दोन्हीचं काम एकाच टेबलावर येतं, आणि घोळ तिथंच होतो. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिले, हिंदीत दंडाचा 'ल' आणि शेंडीफोड्या 'श' चालतो. युनिकोड म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-मोबाइलवर चालणारी अक्षरांची पद्धत; तिच्या चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली नाही तर बहुतेक वेळा हिंदीच येतो, मग मराठी लग्नपत्रिकेत 'शुभविवाह'चा श परका दिसतो आणि आजोबा बरोब्बर तेवढंच पकडतात. त्यात जुनी दुकानं श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडआधीच्या फॉन्टवर. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये मॅटर टाकतं, "तेच चिपकवा ना भाऊ, अर्जंट आहे", आणि पेस्ट केलं की नुसती खिचडी, कन्व्हर्टर मारल्यावरही जोडाक्षरं एकेक तपासावी लागतात. ज्याला हे निस्तरता येतं त्याला काम कमी पडत नाही, हे माझं मत.

कामाचा सिझन असतो. लग्नसराई, निवडणुका, गणपती, आणि दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. १९५६ पासूनच्या या परंपरेत पुस्तकांचे स्टॉल, कॅलेंडर, पोस्टर यांची छपाई आलीच आणि त्याआधीचे दिवस डिझायनर रात्रीही प्रेसवरच असतो. बारमाही नोकरी पाहिजे तर वर्तमानपत्रांची पानं लावणं, जाहिरात एजन्सी, हल्दीराम-दिनशॉसारख्या खाण्यापिण्याच्या ब्रँडांचं हे शहर असल्याने पॅकेजिंग. पॅकेजिंगमध्ये शिस्त कडक, व्हेज-नॉनव्हेजची खूण, वजन, एमआरपी, सगळं जागच्या जागी.

स्क्रीनसाठीची कामं, म्हणजे अॅपचे स्क्रीन, वेबसाइट, मोशन ग्राफिक्स (हलती अक्षरं-चित्रं), घरी बसून बाहेरच्या शहरांसाठी होतात, त्यासाठी फिग्मा हे स्क्रीन डिझाइनचं सॉफ्टवेअर यावं लागतं आणि पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामांचा संग्रह लागतो, डिग्री क्वचितच कोणी विचारतं. पोर्टफोलिओत दहा चांगली कामं पुरतात. फक्त फ्रीलान्समध्ये अर्धे पैसे अॅडव्हान्स घ्यावेत आणि सीडीआर (कोरलड्रॉची मूळ, बदल करता येणारी) फाइल पेमेंट आल्यावरच द्यावी, नाहीतर तीच फाइल पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात फक्त तारीख बदलून छापली जाते.