उडताना ३५१ टन, उतरताना २५१

बोइंग ७७७-३००ईआर जास्तीत जास्त ३५१.५ टन वजनाने उडू शकतं. उतरण्याची मर्यादा मात्र २५१.३ टन. मधले शंभर टन म्हणजे वाटेत जळणारं इंधन. पण उडाल्यावर दहाव्या मिनिटालाच बिघाड झाला तर?

जड विमान उतरवलं की चाकं मोडतात, हा गैरसमज. नियमानुसार उतरण्याच्या कमाल वजनाला सेकंदाला १० फूट आणि उड्डाणाच्या कमाल वजनालाही सेकंदाला ६ फूट वेगाने खाली येऊन टेकलं, तरी सांगाडा टिकावा लागतो. रोजचं लँडिंग दोन-तीन फुटांचं असतं. खरी चिंता ब्रेकची. वजन ४० टक्के जास्त असलं की टेकण्याचा वेग साधारण १८ टक्के वाढतो आणि थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते.

मुंबई-गोव्यासारख्या छोट्या फेरीत ही मर्यादा उड्डाणाआधीच आडवी येते. एअरबस ए३२०निओ ७९ टनांनी उडू शकतं, पण उतरायचं ६७.४ टनांच्या आत. वाटेत समजा दोन टनच जळणार, तर सुटताना ६९.४ टनांच्या वर जाता येत नाही, धावपट्टी कितीही लांब असो. परतीचं इंधनही इथूनच भरून न्यायचा मोह इथेच अडतो.

धावपट्टीवर दुसरा हिशेब चालतो. उड्डाणासाठी धावताना बोइंगमध्ये साधारण ८० नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), एअरबसमध्ये १०० नॉटपर्यंत किरकोळ बिघाडालाही थांबतात. त्यापुढे आग, इंजिन बंद पडणं किंवा विमान उडूच शकणार नाही अशी शंका, एवढीच कारणं उरतात. ‘व्ही-वन’ म्हणजे ज्या वेगानंतर उड्डाण रद्द करायचं नसतं तो वेग. त्याची हाक आली की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात काढतो, दचकून लिव्हर मागे ओढला जाऊ नये म्हणून. ३५० टनांचं विमान १५० नॉटवर असताना त्यात सुमारे २९० युनिट विजेइतकी ऊर्जा असते, आणि ती अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर जिरवायची, तीही बहुतेक ब्रेकनीच. ब्रेक लाल होतात. टायर फुटू नयेत म्हणून चाकांतली बुचं वितळून हवा सोडून देतात. प्रमाणपत्राच्या चाचणीत ब्रेक पूर्ण झिजलेले घेतात आणि थांबल्यावर पहिली पाच मिनिटं अग्निशमन दलाला हात लावू देत नाहीत.

व्ही-वननंतर बिघाड घेऊनच उडायचं. मग वरचं वजन कमी कसं करायचं? ७७७ पंखांतल्या नळ्यांतून इंधन हवेत सोडू शकतं. ए३२०निओला ती सोय नाही. ७९ टनांनी उडालं असेल तर ११.६ टन जाळायला ताशी अडीच टनांच्या हिशेबाने साडेचार तासांहून जास्त घिरट्या. चाकाचं दार बंद होत नसेल तर तेवढा धीर परवडतो.

धुराच्या बाबतीत नाही. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११ हे एमडी-११ विमान धूर दिसल्यावर कॅनडातल्या हॅलिफॅक्सकडे वळलं, पण वजन जास्त म्हणून इंधन सोडायला समुद्राकडे गेलं आणि कोसळलं. २२९ जण गेले. थेट निघाले असते तरी वेळेत पोचले नसते, असा चौकशीचा निष्कर्ष होता. तरीही आग किंवा न थांबणारा धूर असेल तर आज वजन न पाहता जवळची धावपट्टी गाठतात: टेकताना उतरण्याचा वेग मिनिटाला ३६० फुटांच्या आत ठेवायचा, मग लॉगबुकात ‘ओव्हरवेट लँडिंग’ची नोंद, आणि तपासणी झाल्याशिवाय विमान पुन्हा उडत नाही.