जास्त शिसं लावलं की सेफ? ड्रायसूटमध्ये नेमकं उलटं होतं

स्कूबाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, कमरेला जरा जास्त शिसं बांधायचं, मग वर उसळायची भीती नाही. तारकर्लीच्या कोमट पाण्यात इन्स्ट्रक्टरने हात धरलेला असताना हे खपून जातं. पण ड्रायसूट, म्हणजे आत पाणी येऊच न देणारा सूट, घालून थंड पाण्यात उतरलात तर हेच जास्तीचं शिसं तुम्हाला वर फेकू शकतं. हो, वर! मधे थोडं गणित येईल, सहन करा.

आइसलंडमधलं सिल्फ्रा आता आपल्याकडच्या टूरिस्ट मंडळींनाही माहीत झालंय. उत्तर अमेरिकन आणि युरेशियन प्लेट (पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे) वर्षाला साधारण २ सेंटिमीटर एकमेकींपासून लांब सरकतात, त्यामुळे जमिनीला पडलेली ही भेग, आणि तिच्यात लाव्हाच्या खडकातून कित्येक वर्षं झिरपत आलेलं लांगयोकुल हिमनदीचं पाणी. इतकं नितळ की १०० मीटर लांबचं दिसतं, पण तापमान बारा महिने २ ते ४ अंश. उष्णता ओढून नेण्यात पाणी हवेच्या साधारण २५ पट, म्हणून तिथे ड्रायसूटच लागतो. मानेला आणि मनगटांना घट्ट सील, आत जाड अंडरसूट, आणि खरी ऊब देते ती त्या अंडरसूटमध्ये अडकलेली हवा.

आता सगळी भानगड या हवेचीच आहे. एक लिटर हवा गोड्या पाण्यात तुम्हाला एक किलोने वर ढकलते (आर्किमिडीज, शाळेतलाच), त्यामुळे तिला खाली न्यायला शिसं लागतं. मग जसजसं खोल जाल तसतशी ती हवा दबते, सूट अंगाला आवळतो, थंडी वाजायला लागते, म्हणून छातीवरचं बटण दाबून टँकमधली थोडी हवा सूटमध्ये घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते, ती डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडून द्यायची. बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम तो हाच, दाब दुप्पट तर आकारमान निम्मं. १० मीटरवर दाब दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट.

इथे माझी आवडती गोष्ट येते. खोलीच्या आकड्यात १० मिळवा. ५ मीटरवर असाल तर १५, म्हणजे तिथून एक मीटर वर आलात की सूटमधली हवा साधारण पंधराव्या हिश्श्याने फुगते. ३० मीटरवर तोच हिस्सा चाळिसावा. म्हणजे उथळ पाण्यात प्रकरण जास्त नाजूक, आणि नवख्यांना नेमकं उलटं वाटतं. समजा ५ मीटरवर तुमच्या सूटमध्ये ६ लिटर हवा आहे आणि तुम्ही नकळत ३ मीटरवर आलात. हवा झाली जवळपास ६.९ लिटर, म्हणजे ९०० ग्रॅमने हलके झालात. नीट श्वास सोडला की तेवढं भरून निघतं. आता समजा तुम्ही सेफ म्हणून ४ किलो शिसं जास्त बांधलंय. ते तोलायला सूटमध्ये जवळपास ४ लिटर हवा जास्त घ्यावी लागली, म्हणजे ६ ऐवजी १०. त्याच दोन मीटरमध्ये ती ११.५ होते, दीड किलोचा धक्का. हा नुसत्या श्वासाने आवरत नाही, वर आलात की हवा फुगते, फुगली की अजून वर, आणि हे चक्र स्वतःहून थांबत नाही. शिसं कायम तेवढंच राहतं हो, फुगते ती हवा.

जाता जाता, पाण्यावर पद्मासन घालून तरंगणारे महाराज असतात ना, त्यांची सिद्धी हीच. छाती भरून श्वास घेतला की बहुतेकांच्या शरीराची सरासरी घनता पाण्यापेक्षा किंचित कमी होते, नमस्कार करायचाच तर फुप्फुसांना करा. (डायव्हरने मात्र श्वास कधीच रोखायचा नाही, वर येताना कोंडलेली हवा फुप्फुस फाडू शकते.)

बरं, हवा किती याच्याइतकंच महत्त्वाचं आहे ती कुठे आहे. गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा कसा जरा उंच झालेल्या टोकाकडे पळतो, तसंच सूटमध्ये होतं. पाय थोडे वर गेले की हवा पायांकडे धावते, पाय अजून उचलले जातात, बुटात हवा भरून फिन्स (पायातली वल्ही) निसटायची वेळ येते, आणि व्हॉल्व्ह दंडावर, म्हणजे आता खालच्या बाजूला, त्यातून हवा निघणारच नाही. माणूस उलटा लटकून पाय वर करून पृष्ठभागाकडे सुटतो. यावर उपाय म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, डोकं वर आणायचं आणि लगेच व्हॉल्व्ह उघडायचा, पण हे ट्रेनिंगमध्ये घोटून घ्यायचं काम आहे, वाचून येत नाही. आणि बुडबुडा मुळात लहान असेल तर पळायला तेवढं काही उरतच नाही, म्हणून ट्रिमचा, म्हणजे पाण्यात अंग आडवं आणि स्थिर ठेवण्याचा, प्रश्न अर्धा तरी शिसं कमी करूनच सुटतो.

उरलेला अर्धा म्हणजे वजनाची जागा. शरीराचा गुरुत्वमध्य आणि वर ढकलणाऱ्या बलाचा मध्य एका उभ्या रेषेत आले की तुम्ही आडवे स्थिर राहता, नाहीतर तो फरक तुम्हाला फिरवत राहतो. २ किलो शिसं कमरेवरून ३० सेंटिमीटर वर खांद्याकडे सरकवलं की अंगाला फिरवणाऱ्या जोरात जवळपास ६ न्यूटन-मीटरचा फरक पडतो, म्हणजे पाय सारखे खाली जात असतील तर एवढ्याने चित्र पालटू शकतं. घोट्याला शिसं बांधणं मला फारसं पटत नाही, प्रत्येक किकला ते वजन ओढावं लागतं. आधी टँक पट्ट्यात वरखाली करून बघावी.

शिसं किती हे मात्र डाइव्हच्या शेवटी ठरवायचं, सुरुवातीला नाही. १२ लिटरची टँक २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरली की आत जवळपास २.९ किलो हवा असते, ५० बार उरेपर्यंत त्यातली २ किलोहून जास्त तुम्ही वापरून टाकलेली असते आणि तेवढे हलके झालेले असता. म्हणून ५० बार शिल्लक असताना, सूट अंगाला टोचणार नाही इतपतच हवा ठेवून, ५ मीटरवर न हलता थांबता आलं पाहिजे, एवढंच शिसं पुरे. सिल्फ्राला जुळलेला आकडा मात्र समुद्रात चालणार नाही, कारण खारं पाणी अडीच टक्के जड. सगळ्या सामानासकट १०० किलोच्या डायव्हरला तिथे सुमारे अडीच किलो वजन वाढवावं लागतं, आणि शिसं स्वतःही थोडं पाणी बाजूला सारतं, त्यामुळे काट्यावर ते पावणेतीन किलोच्या आसपास मोजून घ्या.