ॲटनबरो म्हणजे गढीकरच की!

निसर्गावरच्या डॉक्युमेंटरीवाल्या डेव्हिड ॲटनबरोंचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्यांचे मोठे भाऊ रिचर्ड म्हणजे १९८२ चा 'गांधी' पिक्चर काढणारे. त्यामुळे आपल्याला वाटतं इंग्लंडात ॲटनबरो पोत्याने असतील. तर नाही, चांगलंच दुर्मिळ आडनाव आहे ते.

मूळ सोपं आहे. नॉटिंगहॅमच्या नैऋत्येला, ट्रेंट नदीकाठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. 'बरो' म्हणजे तटबंदीची जागा, आपल्याकडची गढी समजा, आणि त्याआधीचा भाग कुणा अड्डा किंवा तशाच नावाच्या माणसाचा. म्हणजे हे आपलं '-कर' वालंच आडनाव झालं, आणि गंमत अशी की असं आडनाव चिकटतं ते गाव सोडल्यावर, कारण गावातच राहिलात तर सगळेच तिथले, मग तुम्हाला वेगळं कोण ओळखणार?

आता यातलं विज्ञान. इंग्लंडात आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय क्रोमोसोमही (फक्त पुरुषांत असणारं गुणसूत्र) तसाच जातो, म्हणून लेस्टर युनिव्हर्सिटीच्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या सोळाशेहून जास्त पुरुषांचे डीएनए तपासले (२००९ चा पेपर). स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी, त्यामुळे दोन स्मिथांचा वाय जुळणं म्हणजे निव्वळ योगायोग. पण तपासलेल्या ॲटनबरोंपैकी ८७ टक्के लोकांचा वाय एकाच प्रकारचा निघाला, स्पेलिंग वेगळं असलं तरी! आणि तो प्रकारही इंग्लंडात कमी दिसणारा, ई१बी१बी१, जो भूमध्य समुद्राच्या आसपास आणि उत्तर आफ्रिकेत जास्त सापडतो. म्हणजे बहुतेक सगळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज, आणि तोही मध्ययुगातला. उरलेल्यांचं काय? दत्तक, आईचं आडनाव लावलेलं, किंवा जे घरात कोणी बोलत नाही ते.

दुर्मिळ नावांत हे जास्त दिसतं कारण आधी मूळ पुरुषच मोजके, त्यात ज्यांना मुलगा झाला नाही त्यांची शाखा तिथेच संपली, आणि नशिबाने एकाचीच वाढत गेली. आडनावं अशी कशी विझतात याचं गणित फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन या इंग्रज अभ्यासकांनी १८७० च्या दशकातच मांडलं होतं.

आणि हो, ज्या लेस्टरमध्ये हे संशोधन झालं तिथल्या कॉलेजचे प्रिन्सिपल होते डेव्हिड आणि रिचर्ड या भावांचे वडील, नंतर त्याच कॉलेजची युनिव्हर्सिटी झाली, आणि दोघं भाऊ त्या कॅम्पसवरच वाढले.