वीज कधी गेली तर चालते? घरच्या संगणकावर लिनक्सचा कर्नल बांधताना

मे महिन्यात सोलापुरात पारा ४० अंशांपुढे जातो आणि दुपारी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. अशा दिवसांत लिनक्स या संगणक-प्रणालीचा कर्नल मूळ संहितेपासून (प्रोग्रॅमच्या मूळ लिखाणापासून) बांधायला बसलेल्या माणसाला पहिली काळजी वाटते ती हीच, की मध्येच वीज गेली तर सगळे वाया जाईल काय. वीज कोणत्या टप्प्यावर गेली, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

कर्नल म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये उभा असलेला कारभारी. स्मृतीची वाटणी, प्रोसेसरच्या वेळेची वाटणी आणि प्रत्येक उपकरणाशी बोलणे ही त्याची कामे. १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाची संहिता आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेली असून तिचा निम्म्याहून अधिक भाग निरनिराळ्या उपकरणांशी बोलणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नावाच्या तुकड्यांचा आहे.

एवढे सगळे आपल्याला लागत नाही. जकार्डवर चादर विणणाऱ्या सोलापूरकरांना हे चटकन उमगेल: माग तोच राहतो, पंच केलेली कार्डे बदलली की नक्षी बदलते. इथे कार्डांचे काम कॉन्फिग नावाची फाइल करते. तिच्यातील बहुतेक ड्रायव्हरांपुढे तीन पर्याय असतात: कर्नलमध्येच बसवा, गरजेपुरते जोडता येणारे मॉड्यूल करा, किंवा वगळा. चालू कर्नलची कॉन्फिग घेऊन ‘मेक ओल्डडीफकॉन्फिग’ ही आज्ञा चालवणे नवख्यासाठी सर्वांत सुरक्षित; ती जुनी निवड तशीच ठेवते आणि नव्या पर्यायांना ठरलेली उत्तरे देते. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ने काम पुष्कळ कमी होते, कारण ती त्या घडीला वापरात असलेलीच मॉड्यूले ठेवते, मात्र त्या वेळी वायफायचा डोंगल काढून ठेवलेला असेल, तर नव्या कर्नलला तो ओळखताच न येण्याची शक्यता असते.

त्यानंतर संहितेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलर हजारो फाइलींवर काम करू लागतो. जुन्या संगणकावर याला काही तास लागतात, डिस्कवर वीसेक जीबी जागा मोकळी असावी लागते आणि प्रोसेसर तापतो; उन्हाळ्यात एका वेळी चालणारी कामे कमी ठेवून रात्री बांधणी करावी, असे माझे मत आहे. इथे वीज गेली तरी चालू कर्नलला धक्का लागत नाही, कारण हे सारे वेगळ्या फोल्डरमध्ये चाललेले असते. ‘मेक’ हा प्रोग्रॅम मूळ फाइल आणि तिच्यापासून तयार झालेली फाइल यांच्या वेळा ताडून पाहतो आणि जी तयार नाही किंवा जुनी झाली आहे तेवढीच पुन्हा बनवतो. म्हणून वीज आल्यावर तीच आज्ञा दिली की काम थांबले तिथून पुढे सरकते. एक अपवाद ध्यानात ठेवावा. वीज जाताना एखादी फाइल अर्धवट किंवा रिकामी लिहिली गेली, तर तिची वेळ ताजी असल्याने ‘मेक’ तिला पूर्ण समजतो आणि पुढे अनाकलनीय त्रुटी येते. तेव्हा ती फाइल पुसावी, किंवा ‘मेक क्लीन’ करून पहिल्यापासून बांधावे.

खरी नाजूक वेळ त्यापुढची. मॉड्यूले आणि कर्नल आपापल्या जागी ठेवले जातात, सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस ही छोटी फाइलप्रणाली तयार होते आणि संगणक सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या ‘ग्रब’ या प्रोग्रॅमची यादी नव्याने लिहिली जाते. ही काही मिनिटे यूपीएसशिवाय घालवू नयेत. विशेषतः डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला असेल आणि इनिटरॅमएफएस अपुरी राहिली असेल, तर कर्नल सुरू होऊनही त्याला मूळ डिस्क सापडत नाही आणि तो ‘पॅनिक’ म्हणून थांबतो.

यातून सोडवतो तो जुना कर्नल. नव्याची फाइल आवृत्ती-क्रमांकाच्या नावाने शेजारी ठेवली जाते, त्यामुळे ग्रबच्या यादीतून जुना निवडून संगणक सुरू करता येतो. जागा वाचवण्याच्या मोहात तो लगेच काढून टाकणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत महागडी चूक होय. संगणक सुरू झाल्यावर ‘यूनेम -आर’ने आवृत्ती पाहावी, वायफाय, आवाज, प्रिंटर आणि झोपेतून जागे होणे हे सारे आठवडाभर तपासावे आणि मगच जुन्याला हात लावावा.